मज्जासंस्था पाठ नका करू, अंगावर शिका: पट्टी, हीर, शहाळं आणि एक म्हाकूल

नववीच्या पोरांना चेतापेशीची आकृती काढायला सांगा, झक्कास काढतात. नावंही देतात, वृक्षिका, पेशीकाय, अक्षतंतू, सगळं जागच्या जागी. आणि मग विचारा की बाबांनो संदेश जातो म्हणजे नक्की काय जातं, तर चिडीचूप. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, करंट बाई. म्हणजे वायरीत जातो तसा? हो बाई. झालं, इथेच गाडी रुळावरून घसरते.

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला गावातच ट्यूशन घेते. लॅब नाही, मायक्रोस्कोप नाही, पावसात अर्धा वेळ लाईटही नसते, त्यामुळे जे हाताशी आहे त्याच्यावरच शिकवायचं असं करत करत एक पद्धत बसलीय ती लिहून काढतेय, ज्यांच्या घरात नववी-दहावीचं पोर आहे किंवा ज्यांना स्वतःलाच हे कधी धड कळलं नाही त्यांनी करून बघा. दोन रविवार लागतात. सामान काय, तर ३० सेंटीमीटरची पट्टी, खराट्यातले दोन हीर, मोबाईल, एक शहाळं, अर्धा किलो ताजी म्हाकूल (म्हणजे स्क्विड, रात्री जेवणात जाते, वाया काही जात नाही) आणि पंधरा-वीस माणसं. माणसं नसतील तर गणपतीत करा, घर भरलेलं असतं आणि चाकरमानी दुपारी नुसते लोळत असतात.

सुरुवात स्वतःच्या पाठीपासून. मान खाली घाला आणि मानेच्या मागे बोट फिरवा, एक मणका बाकीच्यांपेक्षा वर आलेला लागतो, तिथून खाली कमरेपर्यंत हाडांची माळ बोटाला लागत जाते. या माळेच्या आतल्या पोकळीत मेरुरज्जू, करंगळीएवढा जाड, मोठ्या माणसात साधारण ४२ ते ४५ सेंटीमीटर. म्हणजे पाठीपेक्षा आखूड! पोरांना वाटतं तो माकडहाडापर्यंत जातो. नाही जात, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि खाली नुसता नसांचा झुबका लोंबत असतो घोड्याच्या शेपटीसारखा. ऑपरेशनच्या आधी पाठीत सुई देतात ती म्हणूनच त्याच्याही खाली देतात, रज्जूला धक्का लागू नये म्हणून.

मेंदूतून थेट १२ जोड्या नसा निघतात, मुख्यतः डोळे, कान, जीभ, चेहरा यांच्यासाठी, मेरुरज्जूतून ३१ जोड्या, बाकी सगळ्या अंगासाठी. मेंदू आणि मेरुरज्जू म्हणजे मध्यवर्ती, बाहेर पसरलेल्या नसा म्हणजे परिघीय, एवढं पुरे. मेंदूच्या भागांची यादी पुस्तकात आहेच, मी इथे उतरवत बसत नाही, फक्त एक गोष्ट सांगते जी ऐकून पोरं डोळे मोठे करतात. आपल्या मेंदूत साधारण ८६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि त्यातल्या ६९०० कोटींच्या आसपास एकट्या अनुमस्तिष्कात, तो डोक्याच्या मागे खाली बसलेला छोटासा गोळा, वजनाने मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा. माडावर चढणाऱ्याला पाय कुठे टाकायचा याचा विचार करावा लागत नाही ते त्याच्या जिवावर.

आता कोपर. हात वाकवा, कोपराचं टोक आणि आतल्या बाजूचं हाड यांच्यामध्ये एक खाच असते, तिथे बोटाने हलकेच दाबून पुढेमागे करा, एक दोरी सटकल्यासारखी लागते आणि झिणझिणी कुठे येते बघा. कोपरात नाही, करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात. दाबलं कोपराला आणि कळ करंगळीला, असं का? कारण ही नस करंगळीकडून येते आणि मेंदूला फक्त एवढंच ठाऊक की ह्या तारेवरून निरोप आला म्हणजे करंगळीकडूनच आला असणार, मधेच कोणी तार छेडली असेल हे त्याला कळायला मार्ग नाही. हे एक पक्कं लक्षात ठेवा, निरोपात 'कुठून' असं काही लिहिलेलं नसतं, कुठल्या तारेवरून आला त्यावरून मेंदू ठरवतो. कमरेतली नस दबली तर पोटरीत कळ येते ती ह्याचमुळे.

मग हीर घ्या, माडाच्या पातीचे, खराट्यातले. दोन हिरांची टोकं दोन-तीन मिलिमीटर अंतरावर धरून डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या टोकावर अलगद टेकवा, तो सांगेल दोन. तेवढंच अंतर ठेवून पाठीवर टेकवा, सांगेल एक. मग पाठीवर अंतर वाढवत न्या, दोन टोकं वेगळी कळायला चारेक सेंटीमीटर लागतात. आमच्याकडे एक पोरगा शप्पथ घेऊन सांगत होता की बाई एकच टोचतंय, मागे बसलेली सगळी हसत होती कारण दोन हिरांमध्ये बोटभर अंतर दिसत होतं. बोटाच्या टोकाला तारांची दाटी, पाठीवर एकेक तार मोठा इलाखा सांभाळते, तलाठी सजासारखं, एका तलाठ्याकडे चार गावं असली की कुठल्या गावातून तक्रार आली तेवढं बारीक कळत नाही.

एवढं झालं की मग पेशीकडे या, आधी नको.

चेतापेशी म्हणजे माड. शेंड्याला झावळ्या पसरलेल्या त्या वृक्षिका, निरोप घेणाऱ्या. झावळ्या जिथे एकत्र येतात तो गाभा म्हणजे पेशीकाय. खाली लांबलचक खोड तो अक्षतंतू, आणि तळाशी मुळांचा फुटवा म्हणजे पुढच्या पेशीकडे निरोप देणारी टोकं. ही उपमा इथपर्यंतच, कारण खोडाचं माप अजिबात जुळत नाही. पायाच्या अंगठ्याकडून येणारा तंतू कमरेत मेरुरज्जूत शिरून तसाच वर मानेच्या वर मेंदूच्या बुंध्यापर्यंत जातो, एकच पेशी, मोठ्या माणसात दीड मीटरच्या आसपास, आणि जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आगेमागे. असा माड उभा करायचा झाला तर... जाऊ दे, पोरांना गणित घाला, त्यांनाच काढू दे.

आता करंटचा घोळ सोडवू. शहाळं फोडा, पोरांना एकेक घोट द्या आणि विचारा यात काय आहे. गोड पाणी आहे बरोबर, पण क्षारांमध्ये बघितलं तर पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्यामानाने कमी. आणि समोर समुद्र, त्याच्या एका लिटरात सोडियम जवळजवळ पावणेअकरा ग्रॅम आणि पोटॅशियम अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. चेतापेशी म्हणजे समुद्रात पडलेलं शहाळं. आत पोटॅशियम, बाहेर सोडियम. आपल्या अंगातलं बाहेरचं पाणी समुद्राइतकं खारट नसतं, पण हिशोब तोच, बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापटीहून जास्त, आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पट. पेशीच्या भिंतीतून थोडं थोडं पोटॅशियम बाहेर झिरपतं, ते धन भाराचं, ते गेलं की आतली बाजू ऋण होते, साधारण वजा ७० मिलिव्होल्ट. टॉर्चच्या सेलच्या विसाव्या हिश्शाएवढा दाब. एवढासाच, पण भिंत इतकी पातळ की पुरतो.

आणि भिंतीत दारं आहेत. खाडीकाठच्या लोकांना हे समजवायला दोन मिनिटं लागत नाहीत, खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी असते ना, भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून झाकलेली आणि ओहोटीला उघडते, तशीच. फरक एवढाच की इथलं दार भरती-ओहोटीवर नाही, त्या मिलिव्होल्टवर उघडतं. वृक्षिकांकडून आलेल्या ढकलण्याने आतला दाब वजा ७० वरून वजा ५५ च्या आसपास चढला की सोडियमची दारं धाडकन उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, आतली बाजू अधिक ३०-४० पर्यंत जाते, मग सोडियमची दारं आपोआप अडकतात, पोटॅशियमची उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पुन्हा खाली. सगळं मिळून एक-दोन मिलिसेकंदात आटपतं, ह्यालाच पुढे मी झटका म्हणणार आहे. एका जागी हे झालं की शेजारच्या जागेचा दाब चढतो, तिथली दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. म्हणजे अक्षतंतूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठलाही कण पळत जात नाही, सोडियम जिथल्या तिथे आत शिरतं, पळते ती दारं उघडण्याची लाट. हेच 'नक्की काय जातं' याचं उत्तर. मागे का पळत नाही? कारण मागची दारं नुकतीच अडकलेली असतात, त्यांना परत उघडण्यालायक व्हायला क्षणभर वेळ लागतो.

इथे पोरं (आणि गाईडवाले पण) एक चूक हमखास करतात, लिहितात की सोडियम-पोटॅशियम पंपामुळे दाब परत खाली येतो. नाही हो. पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, तो संथपणे कायम चालू असतो आणि समुद्र-शहाळ्याचा फरक टिकवून ठेवतो, पण एका झटक्यानंतरची उतरण पोटॅशियमच्या दारांमुळे होते. एका झटक्यात जेमतेम चिमूटभर कण इकडचे तिकडे होतात, पंप बंद पाडला तरी मोठा तंतू बरेच झटके देऊ शकतो. माझ्यापुरतं सांगायचं तर कोणी पंपाचं लिहिलं की मी एक मार्क कापते, मग रडारड होते, मग समजतं.

अजून एक, झटका पूर्ण येतो नाहीतर येतच नाही, लहान झटका मोठा झटका असं नसतं. मग हळू टोचलं आणि जोरात टोचलं यातला फरक कसा कळतो? शिमग्यातला ढोल समजा, पण असा ढोल की ज्याच्यावर प्रत्येक थाप सारख्याच जोराची पडते, लय मात्र वाढवता येते. जोरात टोचलं की थापा भराभर, आणि जास्त ढोल एकदम वाजायला लागतात.

स्वयंपाकघरात याचा पुरावा कधीतरी आपसूक मिळतो. अगदी ताजा, बोटीवरून नुकताच उतरलेला मासा कापून मीठ लावलं की तुकडा थरथरतो, आमच्या आजीला ते बघवायचं नाही, ती म्हणायची जीव अडकलाय. जीव नाही आजी, स्नायूतल्या दारांना अजून दाब शिल्लक आहे आणि तू वरून सोडियम टाकलंस. शिळ्या माशात नाही होत हे, दाब उतरलेला असतो.

तिरफळाचं पण सांगून टाकते. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ चुकून चावलं की जीभ बधिर होऊन बारीक बारीक थरथरते ना, ती चव नाही, तो स्पर्श आहे. तिरफळाच्याच कुळातली चिनी मिरी घेऊन २०१३ मध्ये काही संशोधकांनी ती लोकांच्या ओठाला लावली आणि थरथर बोटावरच्या कंपनाशी जुळवायला सांगितलं, सेकंदाला ५० च्या आसपास जुळली. मिरीतलं द्रव्य स्पर्शाच्या तंतूंना खोटा निरोप पाठवायला लावतं, आणि मेंदू बिचारा कोपराच्या वेळी फसला तसाच इथेही फसतो.

आता म्हाकूल. आमच्या बाजारातल्या काकीने पहिल्यांदा विचारलं होतं, 'काय गो, इतकी उलटी-पालटी करून काय बघतंस, लगीन लावतलंस काय तिचा?' तर बघायचं हे की ती ताजी हवी, कातडीवरचे ठिपके अजून चमकदार, आणि आत प्लास्टिकसारखी पारदर्शक पट्टी असणारी. ज्याच्यात जाड पांढरं हाड निघतं, समुद्रफेन म्हणतात ते, तो वेगळा प्रकार, तो घेऊ नका. घरी आणली की नळी असते ती पोटाची बाजू, तिकडून कात्रीने उभी कापून पिशवी पुस्तकासारखी उघडा. शाईची पिशवी सांभाळून, चंदेरी-काळी दिसते, मी पहिल्यांदा केलं तेव्हा ती फुटली आणि ओट्यापासून आईच्या पांढऱ्या साडीपर्यंत सगळं काळं, त्यानंतर हा कार्यक्रम पडवीतच. आतडी-बितडी बाजूला केली की पाठीच्या भिंतीला आतून, पुढच्या कडेजवळ, पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक चांदणी दिसते. खरंच चांदणी, मधे ठिपका आणि चहूबाजूंना पांढरे दोरे फुटलेले. उजेड तिरका पाडा, मोबाईलचा टॉर्च बाजूने धरा म्हणजे दोरे नीट उठून दिसतात. त्यातला शेपटीकडे जाणारा सगळ्यात लांब दोरा हळूच चिमट्याने उचला. त्या दोऱ्यात इतर तंतूंबरोबर एक राक्षसी अक्षतंतू असतो.

अटलांटिकमधल्या म्हाकुलीत हा एकटा तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड, आपल्या तंतूंच्या तुलनेत केवढा बघा. १९३६ मध्ये जे. झेड. यंग यांनी दाखवून दिलं की हा तंतू आहे, रक्तवाहिनी नाही, आणि मग इंग्लंडात प्लिमथच्या किनाऱ्यावर हॉजकिन आणि हक्सले यांनी त्याच्या आत चक्क इलेक्ट्रोड सरकवला. १९३९ मध्ये आतून पहिला झटका मोजला, मग युद्ध आडवं आलं, आणि १९५२ मध्ये सोडियम-पोटॅशियमच्या दारांचं पूर्ण गणित मांडलं. १९६३ चं नोबेल. वर मी जे मिलिव्होल्ट सांगितले ते सगळं ज्ञान ह्या, आपण मसाला लावून तळतो त्या, प्राण्याच्या भाऊबंदांकडून आलंय.

म्हाकुलीला इतकी जाड तार कशाला? संकट आलं की तिला सगळी पिशवी एकदम आवळून पाण्याची पिचकारी मारून मागे पळायचं असतं, निरोप लवकर जायला हवा आणि तिच्याकडे तार जाड करणे एवढाच उपाय. आपल्याकडे दुसरा उपाय आहे, मायलिन. अक्षतंतूवर चरबीचं वेष्टन गुंडाळलेलं आणि दर मिलिमीटरभराने बारीक फट, बांबूच्या पेरांसारखं. दारं मुख्यतः त्या फटींमध्ये असतात, त्यामुळे झटका पेरापेरावर उड्या मारत जातो. म्हाकुलीचा अर्ध्या मिलिमीटरचा तंतू सेकंदाला पंचवीसेक मीटर, आणि आपला त्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा बारीक तंतू १०० मीटरच्या वर.

वेग मोजणे हा दुसऱ्या रविवारचा कार्यक्रम. सोपा भाग आधी. पाखाडीवरून अनवाणी उतरताना चिऱ्याला ठेच लागली तर काय होतं आठवा, आधी एक तीक्ष्ण कळ, लगेच, आणि मग 'आता येणार आता येणार' म्हणत आपण पाय धरतो आणि सेकंदाभराने ती दुसरी खोल जळजळ येतेच. एकाच ठेचेचे दोन निरोप, दोन वेगळ्या तारांवरून. पहिला मायलिनवाल्या बारीक तंतूवरून, दुसरा विनामायलिनच्या तंतूवरून, जो सेकंदाला अर्धा ते दोन मीटर चालतो, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाने. अंगठ्यापासून डोक्यापर्यंत सव्वा-दीड मीटर, करा हिशोब. आणि आपण ठेच चोळतो ते उगाच नाही, स्पर्शाचे निरोप मेरुरज्जूत पोचले की दुखण्याच्या निरोपांचं दार थोडं लोटलं जातं, १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी ही कल्पना मांडली, पुढे तपशील बदलले पण मूळ मुद्दा टिकला.

अवघड भाग: सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, डोळे मिटून, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. स्टॉपवॉच चालू करताना शेवटच्याचा खांदा दाबा, दाब कळला की त्याने पुढच्याचा दाबायचा, असं पुढे पुढे, पहिला ओरडला की बंद. मग जमिनीवर बसून तेच, फक्त खांद्याऐवजी पुढच्याचा घोटा धरायचा. घोट्याच्या निरोपाला डोक्यापर्यंत जास्त लांब यावं लागतं, म्हणून जास्त वेळ लागायला हवा. पहिल्या वर्षी माझी फजिती झाली, घोट्याचा वेळ कमी आला! मी पण शहाणी, काहीतरी पायाच्या नसा जाड असतात वगैरे सांगून मोकळी झाले. रात्री झोप लागेना तेव्हा कळलं की खांद्याचं आधी केलं, तोवर पोरांना सवय झाली, घोट्याच्या वेळी हात सरावलेला. दुसऱ्या दिवशी वर्गात सरळ कबूल केलं. तेव्हापासून आधी दहा-बारा वेळा नुसता सराव, वेळ कमी व्हायचा थांबला की मगच मोजायचं, आणि आलटून पालटून, एकदा खांदा एकदा घोटा. गेल्या खेपेला १८ पोरं होती, खांद्याचा सरासरी वेळ ४.६ सेकंद, घोट्याचा ५.०. फरक ०.४, भागिले १८, म्हणजे एका पोरामागे ०.०२२ सेकंद, खांदा ते घोटा अंतर मीटरभर धरलं तर सेकंदाला ४५ मीटर, ताशी १६० किलोमीटरच्या वर, कोकण रेल्वेवरच्या कुठल्याही गाडीपेक्षा जोरात. स्पर्शाच्या तंतूंचा पुस्तकातला वेग ३५ ते ७५, आम्ही मोबाईल घेऊन अंगणात बसून त्यात बसलो. (हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर २७ मीटरच्या आसपास काढला होता, त्याच्या गुरूचं म्हणणं होतं की हा वेग कधी मोजताच येणार नाही.)

मग पट्टी. एकाने पट्टी वरून उभी लोंबती धरायची, दुसऱ्याची बोटं खाली शून्याजवळ, न शिवता, आणि न सांगता सोडायची. जिथे पकडली तो आकडा बघा, १० सेंटीमीटर म्हणजे ०.१४ सेकंद, १५ म्हणजे ०.१७, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३. बहुतेकजण १५ ते २५ मध्ये येतात. आता जरा डोकं लावा, डोक्यापासून हातापर्यंत मीटरभर अंतर, त्या वेगाने दोन शतांश सेकंद पुरेत, मग बाकीचे पंधरा-अठरा शतांश गेले कुठे? तालुक्याच्या ऑफिसात दिलेल्या अर्जासारखं, एसटीने जायला अर्धा तास, कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला आठवडा. डोळ्याच्या पडद्यावर उजेडाचा निरोप तयार व्हायला वेळ, मग मेंदूत या पेशीकडून त्या पेशीकडे, ठरवायला वेळ, हाताला हुकूम सोडायला वेळ. गरम तव्याला हात लागल्यावर जो झटकन मागे येतो त्यात हा ऑफिसचा फेराच नाही, मेरुरज्जू परस्पर निकाल लावतो आणि मेंदूला नंतर कळवतो. खुर्चीत पाय लोंबते सोडून गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेने ठोकून बघा, पाय उडतो, त्यात तर मधे एकच टेबल आहे. उडत नसेल तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावा आणि तेव्हा ठोका.

टेबल म्हणजे सिनॅप्स, दोन पेशींमधली फट, २० नॅनोमीटरच्या आसपास, केसाच्या जाडीत अशा तीन-चार हजार फटी मावतील. बहुतेक ठिकाणी झटका ती फट ओलांडत नाही. तो टोकाशी पोचतो, तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत आलं की रसायनाच्या बारीक पिशव्या भिंतीला चिकटून फुटतात, रसायन पलीकडे जातं, पलीकडच्या दारांना लागतं. खाडीपर्यंत गाडीने या, मग तरीने (होडीने) पलीकडे, मग पुन्हा गाडी. हे रसायनच असतं याचा पुरावा ऑटो लोवी यांना १९२१ मध्ये म्हणे स्वप्नात सुचला, रात्री उठून चिठ्ठी लिहिली, सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःला वाचता येईना, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं तेव्हा सरळ उठून प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाची वेगस नस चेतवली, ते मंदावलं, त्याच्या भोवतालचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तेही मंदावलं. ते रसायन असेटिलकोलीन.

तरीचं काम झालं की ती काठावरून हटवावी लागते, नाहीतर वाहतूक तुंबते. असेटिलकोलीन तोडणारं एक एन्झाइम फटीत असतं. आंबा-काजूच्या बागांमध्ये मारतात त्यातली काही औषधं, ऑर्गनोफॉस्फेट गटातली, ह्याच एन्झाइमला बांधून ठेवतात, किड्यांच्याही आणि आपल्याही. फवारणी करून आलेल्या माणसाला घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, उलट्या, असं दिसलं तर कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि थेट दवाखाना, डबा सोबत घेऊन जा म्हणजे डॉक्टरला नाव कळतं. साप पण ह्याच फटीत खेळतात, नागाचं विष पलीकडच्या दारांवर जाऊन बसतं, मण्यारचं अलीकडच्या टोकाची नासाडी करतं, दोन्हीत पापण्या जड होतात आणि शेवटी श्वास. फुरशाचं काम रक्तावर, ते वेगळं प्रकरण. कापणं, चोखणं, दोरीने आवळणं काही करायचं नाही, हातपाय स्थिर ठेवून गाडी काढायची. आणि जाळ्यात फुगलेला केंड मासा येतो ना, त्याच्या जातभाईंच्या विषाने सोडियमची दारंच बुजतात, म्हणून तो खायच्या फंदात पडायचं नाही.

स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे हृदय, घाम, आतडी आपल्याला न विचारता चालवणारा भाग, पोरांना कंटाळवाणी वाटते, सिंपथेटिक पॅरासिंपथेटिक, एक पळवतो एक बसवतो. मी ती लाल विंचवावर शिकवते. त्याचं विष सोडियमची दारं वेळेवर मिटू देत नाही, नसा थांबायचं नावच घेत नाहीत, अंगात अॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे थंड, रक्तदाब वर आणि मग हृदय थकून फुप्फुसात पाणी. कोकणात यात पोरं जायची. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांजवळ रात्ररात्र बसून ही लक्षणं टिपली, १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली, आणि मग रक्तदाबाची एक साधी गोळी, प्राझोसिन, वापरायला सुरुवात केली. ती रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा, झाकते, म्हणजे निरोप येत राहिले तरी घेणाराच कानात बोळे घालून बसतो. मृत्यूचं प्रमाण त्यांच्या रोग्यांमध्ये शंभरात तीसेकवरून शंभरात एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पोरांना हे सांगितलं की अल्फा रिसेप्टर हा शब्द परत विचारावा लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. हा धडा जूनमध्ये घेऊ नका, शाळेच्या वेळापत्रकात तेव्हा असला तरी. पावसात मासेमारी बंद असते, बाजारात येते ती बर्फातली म्हाकूल, तिच्यात दोरे चिकट होऊन भिंतीलाच बसतात आणि चांदणी काही दिसत नाही. नारळी पौर्णिमा होऊ दे, बोटी बाहेर पडू दे, तोवर कोपर, हीर आणि पट्टी उरकून घ्या. आता तर काकी मला बघितलं की टोपलीखालून दोन बाजूला काढलेल्या देते, 'घे गो, तुझ्या पोरांच्या अभ्यासाची', पैसे मात्र पूर्ण घेते.